संताच्या डोक्याखालची उशी

हे कुणी खरं मानणार नाही. मानावं असा माझा आग्रहही नाही. मोंवेरच्या घाटात मी जन्मभर खेचरं हाकली. मीठ नेलं, लोकर नेली, एकदा एका बिशपाची लठ्ठ आत्यासुद्धा नेली. एवढ्या वर्षांत माझ्या शब्दावर विश्वास ठेवला तो फक्त खेचरांनी, आणि तीही पस्तावली.

त्या हिवाळ्यात बर्फानं मठाची चढण बंद झाली आणि वर निघालेले यात्रेकरू खालच्या धर्मशाळेत अडकले. भर दुपार होती, पण आत इतका अंधार की चुलीचा जाळ नसता तर कुणाचं तोंड दिसलं नसतं. पुढ्यात कोबीचं कालवण आणि दगडासारखी काळी भाकरी. अशा वेळी माणसं एक तर भांडतात, नाही तर माझ्याकडे बघतात.

"ऐका," मी म्हणालो. "जो मला उघड उघड खोट्यात पकडेल, त्याला माझं खेचर. बाहेर बांधलंय. एका डोळ्यानं आंधळं आहे, पण दुसरा डोळा फार चांगला आहे."

"तुमच्यापेक्षा तेच जास्त खरं बोलत असेल," इतिये म्हणाला. इतिये म्हणजे मिठाचा व्यापारी. त्याच्या तोंडाला झाकण नाही.

त्याच्या पलीकडे एक पोरसवदा बाई बसली होती, एमेलिना नावाची. दिवस भरत आलेले. तिला सोबत म्हणून आलेला दीर बाकावर घोरत होता. ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती पोटावर हात ठेवून जाळाकडे बघत होती. आणि कोपऱ्यात चुलीला पाठ लावून एक म्हातारी सूत कातत होती.

"तिची फिकीर करू नका," मी सगळ्यांना सांगितलं. "ठार बहिरी आहे. डावरी आहे, डाव्या हातानं चाती फिरवते. त्याला मात्र हसू नका. चाती फेकून मारते."

मग मी सुरू केलं.

या खालच्याच गावात आल्देगार्दा नावाची विणकरीण होती. नवरा गवंड्यांच्या हाताखाली होता. मठाचा मनोरा चढवताना वरून पडला, तेव्हा मठानं त्याच्यासाठी फुकट घंटा वाजवली. मठ असा उदार! बाई पोटुशी होती. पुढं बाळंत झाली. मूल निळं आलं. रडलं नाही, की पाण्याचे चार थेंब डोक्यावर पडेपर्यंतसुद्धा श्वास घेतला नाही. सुईण ओंजळीत पाणी धरून उभी होती, ती उभीच राहिली. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही.

पाणी न पडलेल्या पोराला देवळाच्या आवारात माती मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण आमच्या गावच्या बायका तेवढ्यावर थांबत नसत. त्या म्हणायच्या, अशी पोरं थडग्यात राहत नाहीत. उठतात, घराघरांतून दूध मागत फिरतात, आणि ज्या घरात तान्हं असेल तिथं शिरतात. म्हणून ओकची खुंटी टोकदार करायची आणि पोराच्या छातीतून खाली मातीत ठोकायची. मग उठत नाही.

"ठोकली?" एमेलिनानं विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"ठोकली तर! सुईणीनं धरली, शेजारणीनं धोंड्यानं हाणली. पण त्या चिंधीत गुंडाळलेलं होतं डुकराचं पिल्लू. त्याच आठवड्यात मेलेलं."

इतिये खदखदून हसला. "सुईणीला डुक्कर आणि माणूस कळेना?"

"उघडून बघायची हिंमत हवी ना. घाबरलेल्या माणसाला गुंडाळलेलं सगळं सारखंच दिसतं. तुझ्या मिठाच्या गोणीत निम्मी वाळू असते, ती कोण उघडून बघतं?"

इतियेनं भाकरीत तोंड घातलं.

खरं मूल आल्देगार्दानं मागाखाली पुरलं. विणकरांच्या खोपीतली जमीन खोल उकरलेली असते, ओल राहावी म्हणून. तिथं आणखी हातभर उकरलं. त्यावर बसून ती विणायची. गावाला वाटायचं, बाई कामाला लागली, दुःख विसरली. बाई पाय उचलायला तयार नव्हती, एवढंच खरं.

आता वर मठात काय होतं ते बघा. वेदीच्या पोटात संत मावरिनाची हाडं. कापडात गुंडाळलेली. दर पिढीला वरून एक नवं कापड चढवायचं, जुनं काढायचं नाही, अशी रीत. माझ्या तरुणपणापर्यंत गाठोडं इतकं फुगलं होतं की आत संतीण आहे की नुसतीच कापडं, हे एक देव जाणे, नाही तर कसर. त्या वर्षी मठपती गिराल्द यांच्या मनात आलं की संतिणीच्या डोक्याखाली उशी हवी. इतकी शतकं ती बाई दगडावर डोकं ठेवून पडली आहे! काम आल्देगार्दाकडे आलं.

तिनं राखी रंगाचं कापड विणलं, मध्ये निळा पट्टा. सूत तिचंच, डाव्या हाताचं, उलट्या पिळाचं. आमच्या सगळ्या खोऱ्यात तसा पीळ दुसरा कुणी घालत नसे. मग तिनं मागाखालची माती उकरली. जे उरलं होतं ते आंबट वाइननं धुतलं, लोकरीत ठेवलं, वाळलेली लव्हेंडर चुरून भरली आणि उशी शिवली.

"अगं आई गं," कुणीतरी म्हणालं.

"थांबा. उशी वेदीत ठेवण्याआधी मठपतींनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. चांगलं भरभरून. त्या पोराच्या वाट्याला आलेलं ते पहिलं पाणी. आल्देगार्दा दाराशी उभी होती. मी तिच्या मागं होतो, मेणबत्त्यांच्या पेट्या उतरवत. तिचे खांदे असे खाली आले, जसे ओझं उतरवल्यावर खेचराचे येतात."

मग काही वर्षं बरी गेली. ती रोज वर जायची. आमच्या वेदीला खाली एक भोक आहे, माहीत आहे ना? धाग्याला चिंधी बांधून लोक आत सोडतात, हाडांना टेकवतात आणि वर ओढून घेतात, आजाऱ्याच्या अंगावर घालायला. आल्देगार्दाही चिंधी सोडायची, पण ती वर ओढायची घाई करत नसे. धागा बोटाला गुंडाळून बसायची. पाळण्याची दोरी धरून बसतात तशी.

आणि मग वीज पडली. देवळाचं छप्पर जळालं. नवं देऊळ बांधायचं म्हणजे वेदी हलवायची, वेदी हलवायची म्हणजे उघडायची. बिशप आला, सरदार आला, सगळं खोरं लोटलं. गाठोडं बाहेर काढताना उशीची शिवण उसवली. आधी लव्हेंडरचा गोड वास आला. मग ती हाडं बाहेर आली, माझ्या करंगळीएवढी, काड्यांसारखी. आणि कवटी म्हणाल तर कवटी नाहीच. तान्ह्याची कवटी मिटलेली नसते, तिच्या पाकळ्या होतात.

उशी कुणाची ते मला ठाऊक होतं, पोर कुणाचं ते तेव्हा उमगलं. मला वाटलं, संपलं. आता विचारतील उशी कुणी शिवली.

गिराल्द महाराजांनी गुडघे टेकले. "बेथलेहेम!" ते म्हणाले, आणि रडू लागले.

त्यांचा हिशेब सरळ होता. हेरोद राजानं बेथलेहेमची तान्ही पोरं कापली, ती सगळी देवाच्या घरी थेट गेली. आमच्या मठाचा मूळपुरुष जेरुसलेमला जाऊन आला होता आणि झग्यात काहीतरी लपवून आणलं असं म्हणतात. काय, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. आता कळलं! हे त्या निष्पापांपैकी एक बाळ. हा वास दुसरा कसला असणार? बिशप पालथा पडला. सरदार पालथा पडला. ज्या सुईणीनं ओकची खुंटी धरली होती तीही पडली, आणि जमिनीचं चुंबन घेताना तिचा एकुलता एक दात पडला.

"ही थाप!" इतिये ओरडला. "दात! खेचर आण!"

"दात पडला नाही हे सिद्ध कर. सुईण आणू का उकरून?"

तो बसला. मी पुढं गेलो.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पाणी न पडलेलं पोर संत झालं, बिशप त्याच्या पाया पडला. आणखी काय हवं? पण मोठ्या माणसांना एखादी गोष्ट आवडली की ते तिचा तुकडा मागतात. बिशपाला कवटी हवी होती. सरदाराला लढाईसाठी एक हात. सरदाराच्या बायकोला दिवस होते, तिला बाळंतपणात गळ्यात घालायला काहीतरी लहानसं. महाराजांनी चांदीची सुरी मागवली.

तेव्हा आल्देगार्दा गर्दीतून पुढं आली.

"महाराज, त्याला तोडू नका."

"बाई, संत तोडल्यानं कमी होत नाही," महाराज प्रेमानं म्हणाले. "प्रत्येक तुकड्यात तो पुरा असतो."

"मग एकच तुकडा सगळ्यांना पुरेल की."

गर्दीत खसखस पिकली. बिशपाच्या कपाळाला आठी पडली.

"तू कोण?"

"उशी शिवली ती मी."

मी डोळे मिटून घेतले. आता ती बोलणार. बोलली तर पोर उकिरड्यावर जाणार, खुंटीसकट. आणि वेदीत पाप लपवलं म्हणून ती कुठं जाणार ते विचारूच नका. नाही बोलली तर पोराच्या चिंध्या होणार. तिनं एकदा महाराजांकडे बघितलं, एकदा सुरीकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"धन्य तुझे हात," महाराज म्हणाले आणि कामाला लागले. तिघांचे तीन तुकडे झाले, बाकीची हाडं वेदीसाठी राहिली. त्या सुरीचा आवाज मी अजून ऐकतो. वाळलेली फांदी मोडावी तसा. एवढासा आवाज, पण सगळ्या देवळात तिनंच तो ऐकला असं वाटलं मला, आणि तिच्यामुळं मी.

तुकडे पोचवायचं काम कुणाला? खेचरवाल्याला. मी निघालो तर ती घाटाच्या वळणापर्यंत खेचरामागून चालत आली. तिथं तिनं मला सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं, डुकराच्या पिल्लासकट.

"तुम्हालाच का सांगितलं?" एमेलिनानं विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'तू कुणाला सांगितलंस तरी कोण खरं मानणार आहे?' गुपित ठेवायचं तर थापाड्याकडे ठेवावं. त्याच्याइतकी पक्की पेटी नाही."

आणि आणखी एक म्हणाली. ते मात्र मी हसत हसत सांगू शकत नाही, म्हणून पटकन सांगतो. म्हणाली, "शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल तेव्हा सगळे आपापली हाडं गोळा करून उठतील. मोठी माणसं शोधतील, विचारतील, चालत जातील. माझं पोर चालायला शिकलंच नाही. त्याचं डोकं शहरात, हात किल्ल्यात. ते कुठं कुठं रांगत जाईल?"

इतियेनं भाकरी खाली ठेवली. कोपऱ्यातली चाती गरगरत होती. मी घसा ओला केला.

"बरं, आता चमत्कार ऐका. ती हाडं परत आली. आपणहून."

"चालत?" इतियेला जीव आला.

"चालायला येत नव्हतं असं आत्ताच नाही का सांगितलं? खेचरावरून."

"कुणाच्या खेचरावरून?"

"एवढं बारीक मला आठवत नाही. कवटी आधी आली. बिशपानं तिच्यासाठी सोन्याची पेटी केली आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. आता त्या पेटीत काय आहे, मला विचारू नका. पण त्याच वर्षी माझा वाळक्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा फुटला आणि त्याचे तुकडे मला आजवर सापडले नाहीत. गेल्या ईस्टरला त्या पेटीनं एका लंगड्याला चालवलं. कमरेला धड तुंबा लटकवून माणसं तिच्यापुढं गुडघे टेकतात. डोळ्यांनी बघितलं."

एक धार्मिक म्हातारा उठून बाहेर गेला. त्यानं कमरेचा तुंबा झग्याखाली लपवला होता.

"मग हात आला. सरदारानं तो छातीला बांधून लढाई केली. त्या दिवशी त्याच्यापेक्षा जोरात कुणीच धावलं नाही, फक्त तोंड घराकडे होतं. लोक म्हणतात, हंसाच्या पंखाचं हाड जवळ असलं की माणसाला उडावंसं वाटतं. मी म्हणत नाही, लोक म्हणतात."

"आणि ती एकेक हाडं वेदीत कशी गेली?"

"भोक आहे ना! चिंधीत बांधायचं, धाग्यानं आत सोडायचं. या वेळी धागा ओढायचा नाही. सोडून द्यायचा."

"आणि तिसरं?" एमेलिनानं विचारलं. "सरदाराच्या बायकोचं?"

आता मी सावरून बसलो. दर हिवाळ्यात मी ही गोष्ट सांगतो, आणि दर हिवाळ्यात इथं येऊन बसलेल्या एकेकाचं तोंड बघतो.

"ती करंगळी," मी म्हणालो. "महाराजांनी ती उशीच्याच कापडाच्या तुकड्यात शिवून दिली होती. ती आली नदीतून. उपासाचा शुक्रवार होता. आल्देगार्दानं मासा आणला, पोट फाडलं, तर आत करंगळी! तिनं ती भोकातून खाली सोडली. पोर पुरं झालं. दुसऱ्या दिवशी आल्देगार्दा हसत हसत मेली. मी स्वतः तिच्या तोंडावर कापड ओढलं."

सगळे खो खो हसले. इतियेनं टेबलावर मूठ आपटली. "मासा! खोटं! सोड ते खेचर!"

"मासा खोटा कशावरून?"

"अरे, माशाच्या पोटात..."

"योना तीन दिवस राहिला माशाच्या पोटात, सबंध माणूस. करंगळी राहणार नाही? सिद्ध कर."

दर वर्षी हे असंच होतं. सगळे माशाला धरतात. मासा खोटा हे शेंबडं पोरही सांगेल, पण त्यानं कुणाला खेचर मिळत नाही. मी रिकामा पेला उचलला. गोष्ट संपली असं समजून माणसं पाय ताणू लागली.

"खोटं," एमेलिना म्हणाली.

"मासा ना? तेच आम्ही..."

"मासा नाही." ती उठून उभी राहिली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "करंगळी परत आलीच नाही."

"कशावरून, पोरी?" मी विचारलं. पेला खाली ठेवला.

"माझ्या सासूच्या आईनं त्या किल्ल्यावर सरदाराच्या पोराला दूध पाजलं. ती मालकीण बाळंतपणातच गेली, पोर जगलं. मरताना तिनं गळ्यातलं काढून दाईला दिलं. तेव्हापासून आमच्याकडे बाया बाळंतपणात गळ्यात घालतात. माझी तीन गेली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर पाणी पडलं नाही." ती थांबली. "कुठं पुरली, तेसुद्धा मला दाखवलं नाही. म्हणून या खेपेला सासूनं हे आधीच घातलं."

तिनं गळ्यातली दोरी ओढून वर काढली. टोकाला एक पुरचुंडी होती, घामानं काळी पडलेली. जाळापुढं धरली तेव्हा राखी रंग दिसला. मध्ये निळा पट्टा. मी जवळ जाऊन सुताचा पीळ बघितला. बघायची गरज नव्हती.

कोपऱ्यात चाती जमिनीवर पडली आणि घरंगळत बाकाखाली गेली.

बहिरी म्हातारी उठली. ती बाकांमधून वाट काढत आली आणि कुणी तिला अडवलं नाही. इतियेनंसुद्धा पाय आत ओढून घेतले. एमेलिनासमोर येऊन तिनं डावा हात पुढं केला, तळवा वर.  पोरीनं मूठ घट्ट मिटली आणि दुसरा हात पोटावर घेतला. एक पाऊल मागं सरली. मागं भिंत होती.

म्हातारीनं तिच्या पोटाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"कितवा?" तिनं विचारलं.

"नववा लागलाय."

पुढं केलेला हात तसाच राहिला, अधांतरी. मग म्हातारीनं तो हळूहळू मागं घेतला आणि झग्याला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

"बाळंत हो," ती म्हणाली. "आणि सुईणीला सांग, पाणी आधीपासून हातात धरून बस. मग घेऊन ये. तोवर मी मरायची थांबते."

एमेलिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बघत होती माझ्याकडे, चोर पकडल्यासारखी.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही हिच्या तोंडावर कापड ओढलं होतं ना?"